घरची फेरी

तेविसाव्या मिनिटाला गाडीने कचकन ब्रेक मारला. समोर तसं काही नव्हतं. वाऱ्याने उडालेली एक प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि बिनचालकाच्या गाडीला पिशवी आणि पोर यांतला फरक अजून नीट कळत नव्हता. असा ब्रेक बसल्यावर माणसं काय करतात हे पडद्यासमोर बसलेल्या त्याला तोंडपाठ होतं, या चाचण्यांचा प्रमुख म्हणून तीन वर्षं तो तेच तर बघत होता. कोणी दाराची मूठ धरतं, कोणी डोळे मिटतं, कोणी ‘आई गं’ म्हणतं. एका निवृत्त हेडमास्तरांनी शेजारच्या रिकाम्या सीटला ‘डोळे फुटले का तुझे?’ असं खडसावलं होतं, आणि तो व्हिडिओ ऑफिसात चहाच्या वेळी सगळ्यांनी दोनदा लावून पाहिला होता. पडद्यावरच्या बाईने यातलं काहीच केलं नाही. तिने नाकावर घसरलेला चष्मा वर सरकवला, पिशवी उडत गेली तिकडे जराशी मान वळवली आणि जांभई दिली. मग चपला काढून दोन्ही पाय सीटवर घेतले, मांडी घातली, आणि चार मिनिटांत तिला चक्क झोप लागली. ही बाई त्याची बायको होती.

त्याची छाती फुगली. खोटं कशाला बोला, फुगलीच. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडी आणि घाम, तीन कॅमेऱ्यांतून चेहरा, हात आणि पाय, या सगळ्याची बेरीज-वजाबाकी होऊन शेवटी शंभरपैकी एक आकडा निघायचा, त्याला ऑफिसात नुसतं ‘आराम’ म्हणत. ‘किती आराम पडला?’ असं लोक एकमेकांना परीक्षेचे मार्क विचारावेत तसं विचारत. चारशेसहा माणसं तपासून झाली होती आणि नव्वदच्या वर कोणी गेलं नव्हतं. चारशेसातवी त्याची बायको. प्रमुखाने स्वतःच्या घरचं माणूस आणू नये असा संकेत होता, पण पन्नाशीच्या घरातल्या बायका कमी पडत होत्या, मुदत संपत आली होती, आणि नियम हे शेवटी आपणच केलेले असतात. तिला सत्त्याण्णव पडले. ‘सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसलीय,’ तो दिसेल त्याला सांगत सुटला, ‘तिला आता कसली भीती!’ फेरीनंतर भरायच्या कागदावर शेवटचा प्रश्न होता, प्रवासात सर्वांत जास्त काय आवडलं. तिथे बायकोने आपल्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘गाडीत कोणी नव्हतं.’ यावर ऑफिसात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने तो हसला. तीन ठिकाणी त्याने हा किस्सा सांगितला, आणि तिसऱ्या ठिकाणी, त्याच्या ताईकडे, तर बायको समोरच बसली होती. तीही हसली.

‘घरची फेरी’ ही कल्पना त्याचीच. आराम असा हवेत मोजता येत नाही, असं त्याने पहिल्याच बैठकीत ठासून सांगितलं होतं. ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या घरी असतं. म्हणून बिनचालकाच्या गाडीतून अकरा किलोमीटरची फेरी झाली की आठवड्याभराने त्याच माणसाला त्याच रस्त्याने, तोच पट्टा बांधून, तेच तीन कॅमेरे लावून, घरच्या गाडीतून फिरवायचं, आणि एरवी घरी जो चालवतो त्यानेच चालवायचं. नवरा, मुलगा, भाऊ, जो असेल तो. दोन आकडे शेजारी ठेवले की यंत्राची लायकी कळते. वरच्या साहेबांना हे इतकं पटलं की त्याला बढती मिळाली. आता एवढ्या लोकांना पट्टे बांधायचे म्हटल्यावर काही नोंदी बिघडणारच, म्हणून त्याने आणखी एक नियम करून ठेवला होता. घरच्या फेरीत गाडी जागची हलायच्या आधीच नाडी तीसने वर गेलेली दिसली तर ती नोंद बाद. कारणाच्या रकान्यात ‘पट्टा सैल’. घरच्या गाडीत, घरच्या माणसाशेजारी, आणि तेही उभ्या गाडीत माणूस घाबरेल कशाला? हे इतकं उघड होतं की त्यावर कोणी काही विचारलं नाही. निदान त्याला तसं आठवत होतं.

त्यांची स्वतःची घरची फेरी शनिवारी झाली. आपण झकास चालवली अशी त्याची पक्की समजूत होती. एकही धक्का नाही, वेग बेताचा, वळणं लोण्यासारखी. मध्येच एक मोटारसायकलवाला आडवा घुसला, त्याला त्याने दोनच शब्द ऐकवले, आणि तेही काच वर करून. बायको हसतमुखाने बसली होती. उतरल्यावर त्याने विचारलंही, ‘कशी झाली?’ ती म्हणाली, ‘छान.’ आज मंगळवार. दुपारचा चहा झाल्यावर नोंदी तपासणाऱ्या बाई त्याच्या खोलीत आल्या आणि एक कागद टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. या बाई पूर्वी शाळेत शिकवत. सगळे व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणारं ऑफिसातलं एकमेव माणूस म्हणजे त्या. त्याच्यासकट बाकी सगळे आकडे बघत.

‘चारशेसात,’ बाई म्हणाल्या. ‘घरची फेरी. नियमाने बाद होतेय. तुमची सही लागेल.’

‘कारण?’

‘गाडी हलायच्या आधी नाडी एकशेअठरा.’

‘मग पट्टा सैल असणार. टाका बाद, त्यात काय एवढं?’

बाई हलल्या नाहीत. ‘पट्टा तोच आहे, सर. शनिवारी मीच बांधला होता, वहिनींच्या मनगटावर बोट घालून पाहिलं होतं. यंत्र बिघडलं असतं तर आधीची चार मिनिटंही बिघडलेली दिसली असती. एकदा बघून घ्या आणि मग सही करा.’

शाळेतल्या बाईने वही पुढ्यात टाकावी तसं त्या म्हणाल्या. त्याला राग आला, पण बाईंवर रागावणं कधी कोणाला जमलं नव्हतं. त्याने व्हिडिओ लावला. पहिली चार मिनिटं गाडीत बायको एकटीच होती. तो बाहेर कागदांवर सह्या करत होता आणि कोणाला तरी पिशवीचा किस्सा सांगत होता, त्याचं हसू काचेतून अस्पष्ट ऐकू येत होतं. बायको पर्समधून सुपारीएवढी गोळी काढून चघळत होती, बाहीवरचा धागा तोडत होती, काहीतरी गुणगुणत होती. नाडी एकाहत्तर. मग चालकाच्या बाजूचं दार उघडलं, तो आत बसला, आणि दार लागलं. दार तसं जोराने लावलेलं नव्हतं, त्याने तो क्षण तीनदा मागे नेऊन ऐकला, अगदी साधं लावलं होतं. गुणगुणणं थांबलं. ब्याण्णव. तो म्हणाला, ‘चला.’ एकशेअठरा. हातांच्या कॅमेऱ्यात तिचे दोन्ही पंजे मांड्यांखाली गेले आणि अकरा किलोमीटर तिथेच राहिले. पायांच्या कॅमेऱ्यात उजवं पाऊल चपलेतून निम्मं बाहेर येऊन तळाशी दाबलेलं, जणू तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता. आणि चेहऱ्याच्या कॅमेऱ्यात ती हसत होती. चेहऱ्याचे मार्क पैकीच्या पैकी पडले होते. मोटारसायकलवाला आडवा आला तेव्हा तिने रस्त्याकडे पाहिलंच नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं.

त्याने व्हिडिओ थांबवला आणि पहिली गोष्ट मनाशी म्हटली ती ही की आपण आजवर तिच्यावर हात उगारलेला नाही. एकदाही नाही. दारू नाही, बाहेरची भानगड नाही, घरखर्चाला कधी नाही म्हटलेलं नाही. आवाज मोठा आहे, आहेच, पण मनात काही नसतं. हे वाक्य त्याने इतक्या वेळा वापरलं होतं की ते आपोआप जिभेवर आलं. आणि आल्यावर त्याला आठवलं की ते त्याचं नव्हेच, आईचं होतं. वडील घरात आले की आई भांडी न वाजवता जागेवर ठेवायची आणि पोरांना सांगायची, आवाज मोठा आहे रे त्यांचा, मनात काही नसतं. तेव्हा त्याला हे खरं वाटायचं नाही. मोठेपणी स्वतःबद्दल मात्र पटकन पटलं. मग एकामागून एक काय काय आठवायला लागलं, आणि गंमत म्हणजे त्यातलं काहीच तो विसरलेला नव्हता, फक्त ते सगळं त्याने विनोद म्हणून जपून ठेवलं होतं. बाहेर जायचं असलं की बायको तासभर आधी तयार होऊन खुर्चीच्या कडेवर पर्स घेऊन बसायची, आणि निघताना पुन्हा दोनदा बाथरूमला जायची; ‘हिला निघताना हजार कामं,’ हा त्याचा ठरलेला विनोद. मुलीला लहानपणी गाडी लागायची, म्हणून मागच्या सीटवर कायम पिशव्या ठेवलेल्या असत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कॉलेजात गेल्यावर ती मैत्रिणींच्या गाडीतून घाटातून जाऊन आली, अकरा तास, आणि तिला काही झालं नाही. ‘मोठी झाली, गेलं ते,’ त्याने निदानच करून टाकलं. सुट्टीत ती घरी येते ती अजूनही स्टेशनवरून रिक्षाने येते, ‘तुम्ही कशाला त्रास घेता बाबा’ म्हणते, आणि पोरगी समजूतदार निघाली याचं त्याला कौतुक वाटत आलेलं.

आणि तो महामार्गावरचा किस्सा. तो तर त्याचा हातखंडा होता. मुलगी चार वर्षांची असेल. बायकोच्या मांडीवर नकाशा, आणि तिने वळण सांगायला अर्धा मिनिट उशीर केला. त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, उतर. ती उतरली. त्याने गाडी पुढे काढली, दोनेकशे पावलांवर थांबवली आणि दार उघडं टाकून आरशात बघत बसला. ती धावत नव्हती, चालत होती, नकाशाची नीट घडी घालत. ती आत बसली तेव्हा तो खो खो हसत होता, ‘गंमत केली गं!’ मागे मुलगी रडून रडून लाल झाली होती. बायकोने केस सारखे केले आणि म्हणाली, ‘पुढचं वळण उजवीकडे.’ वीस वर्षं तो हे पाहुण्यांना सांगत आला होता, आणि ‘पुढचं वळण उजवीकडे’ हे वाक्य तिचा आवाज काढून म्हणायचा. लोक हसायचे. तीही हसायची, आता त्याला तो चेहरा नीट आठवला. तो मघाचाच चेहरा होता, पैकीच्या पैकी मार्कांचा. लाज वाटली म्हणावं तर तेवढं सरळ नव्हतं, त्यात चीडही होती. इतकी वर्षं ही आपल्याला फसवत आली अशी. हसायची कशाला मग? एकदा तरी बोलायचं! भीती वाटते म्हणून तोंडावर सांगायचं! हे त्याच्या मनात इतक्या मोठ्या आवाजात आलं की बाई समोर आहेत हे आठवून तो दचकला.

‘आजवर अशा बाद किती झाल्या?’ त्याने विचारलं.

‘अडतीस.’

‘बघू.’

यादी निघाली. अडतीसपैकी चौतीस बायका, तीन म्हातारे, एक सतरा वर्षांची मुलगी. प्रत्येकापुढे ‘पट्टा सैल’ आणि त्याची झोकदार सही. त्याने तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हींत माणूस गाडीत एकटं बसलेलं असतं, ओठांना काही लावत, खिडकीबाहेर बघत; मग दार उघडतं, कोणीतरी आत बसतं, दार लागतं. एका म्हाताऱ्याने तर मुलगा आत बसताच मांडीवरची पिशवी घाईघाईने पायाशी ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली, पुन्हा पायाशी ठेवली. मुलगा काही बोललाही नव्हता. चौथा व्हिडिओ लावायचा त्याला धीर झाला नाही.

‘तुम्हाला हे दिसत होतं, बाई. मग बोलला का नाहीत?’

‘पहिल्या वेळी बोलले होते, सर. तुम्ही म्हणालात, बाई, उभ्या गाडीत माणूस घाबरेल कशाला.’

‘आणि तुम्हाला ते पटलं?’

बाईंनी चष्मा काढून पुसला. ‘आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, सर. तेव्हापासून मला गाडीत झोप लागते,’ त्या म्हणाल्या, आणि लगेच कामाचं बोलू लागल्या. ‘अहवाल उद्या सकाळी जाणार. नियम काढून टाकला तर एकोणचाळीस नोंदी परत घेता येतील. आजचा दिवस आहे.’

आता यातली खरी मेख बघा. नोंदी परत घेतल्या असत्या तर कंपनीचं काडीचं नुकसान नव्हतं. उलट वरचे साहेब नाचले असते. एकोणचाळीस माणसं अशी की ज्यांना घरच्या माणसापेक्षा यंत्राशेजारी निदान पस्तीस-चाळीस मार्कांनी जास्त आराम पडला, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? गाडी विकत घेणाऱ्यांचं नुकसान नव्हतं, बाईंचं नव्हतं. नुकसान होतं ते एकाच माणसाचं, आणि तेही केवढं, तर चारशेसात क्रमांक कोणाचा हे ऑफिसातल्या अकरा लोकांना माहीत होतं, एवढंच. सत्त्याण्णवचं कौतुक त्याने स्वतःच दारोदार वाटलं होतं. आता त्याच क्रमांकापुढे घरच्या फेरीचे एकोणीस मार्क लागणार, साऱ्या यादीत सगळ्यांत खाली, आणि चहाच्या वेळी कोणीतरी तो व्हिडिओ दोनदा लावणार. हे असं उघडपणे तो मनाशी म्हणाला नाही. मनाशी तो म्हणाला की शास्त्रात सातत्य हवं, तीन वर्षं पाळलेला नियम शेवटच्या दिवशी मोडणं बरं दिसत नाही, आणि घरच्या माणसासाठी मोडणं तर मुळीच नाही. त्याने कागद ओढला, कारणाच्या रकान्यात ‘पट्टा सैल’ लिहिलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच झोकदार आली. बाईंनी कागद घेतला, त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि जाताना दार इतकं हळू ओढून घेतलं की त्याला त्याचा अपमान वाटला.

पाच वाजता बायको खाली आली होती; साडेपाचला दाताच्या डॉक्टरांकडे तिची वेळ होती. जिना उतरता उतरता त्याने ठरवून टाकलं. सही झाली ती झाली, पण आजपासून आपण बदलायचं. तिला काही विचारायचं नाही, उगाच तिला ओशाळं व्हायला नको, नुसतं करून दाखवायचं. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षं काही उशीर नव्हे, माणसं साठीत सुधारतात. त्याने तिच्यासाठी दार उघडलं, जे त्याने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातही केलं नव्हतं. ती क्षणभर दारापाशी थांबली, मग बसली. त्याने आपलं दार हलकेच लावलं. ‘चला’ म्हटलं नाही. गाडी इतकी अलगद काढली की चालू झाल्याचं कळू नये.

रस्त्यावर ऑफिस सुटल्याची गर्दी होती. बँकेच्या चौकात एका टेम्पोने इशारा न देता नाक पुढे घातलं. त्याने ब्रेकवर पाय ठेवून त्याला जाऊ दिलं, वर हाताने ‘जा बाबा’ अशी खूण केली. एरवी या चौकात त्याने टेम्पोवाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. एक म्हातारी रस्ता ओलांडताना मध्येच थांबून पिशवीत काही शोधू लागली. तो थांबला, हॉर्नला हातही लावला नाही. मागचे वाजवत होते, वाजवू देत. त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता. हे जमतं आपल्याला, अगदी सहज जमतं. आपण वाईट माणूस नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पंजे मांड्यांखाली होते.

‘माझ्यामुळे उशीर झाला का?’ ती म्हणाली.

‘नाही गं.’ आवाज शक्य तेवढा मऊ ठेवून तो म्हणाला.

पुढचा सिग्नल लागला. तो वेग कमी करत करत थांबला. बायकोने पर्स उघडली, आत पाहिलं, बंद केली.

‘डॉक्टरांची फाईल घेतलीय मी,’ ती म्हणाली. ‘मागच्या वेळी राहिली होती, ती. घेतलीय.’

‘बरं.’

‘दुपारी तुमचा फोन आला तेव्हा मी गच्चीत होते. खाली आले तोवर वाजायचा थांबला. मी परत लावणार होते, पण म्हटलं मीटिंग असेल.’

‘असू दे. काही काम नव्हतं.’

सिग्नल हिरवा झाला. त्याने गाडी हळूच पुढे काढली. डावीकडच्या रांगेतून दोघंतिघं त्याला मागे टाकून गेले, एक जण जाता जाता काच खाली करून काहीतरी बोललाही, आणि तो नुसता हसला. हसून तिच्याकडे वळला, आता तिला बरं वाटलं असेल म्हणून. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो हसरा चेहरासुद्धा आज तिच्याजवळ नव्हता. हा चेहरा त्याने कोणत्याच कॅमेऱ्यात पाहिलेला नव्हता.

‘काय झालंय?’ ती म्हणाली.

‘कुठे काय? काही नाही.’

‘ताईकडे काही बोलले का मी? त्या दिवशी माझ्या त्या कागदावरून सगळे हसले, ते मी मुद्दाम नव्हतं लिहिलं. पटकन सुचलं ते लिहिलं.’

‘अगं, काही चुकलेलं नाही तुझं. खरंच. मी आपला सावकाश चालवतोय, बस्स.’

गाडी सायकलच्या वेगाने चालली होती. दवाखान्याची गल्ली समोर दिसत होती आणि पाच-पस्तीस झाले होते. त्याने तिच्या हातावर हात ठेवावा म्हणून डावा हात उचलला. ती एकदम खिडकीकडे सरकली, डोकं काचेवर आपटलं. मग तिने दोन्ही हात तोंडासमोर धरले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, गाडीत, मोठ्या आवाजात ती त्याच्याशी बोलली.

‘मग ओरडा ना एकदाचं! काय असेल ते ओरडून टाका. हे असं नका हो करू.’